कान बसल्याचे पेढे

सुगतदादाच्या हातात गाणं वाजवणारी कुठलीही वस्तू द्या, त्याचा अंगठा आधी ट्रेबलवर, म्हणजे बारीक सूर वाढवायच्या बटणावर, जायचा. मोबाइल असो, शेअर रिक्षातला डबा असो, नाहीतर नासिरभाईंच्या साउंडच्या दुकानातला नवाकोरा मिक्सर. बटण शेवटपर्यंत फिरवायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि नाक मुरडायचं. "धूळ बसलीय गाण्यावर. जरा पुसायला पाहिजे."

आम्ही हसायचो. आमच्या छोट्याशा कामगार गटात ते वाक्य रूढच झालं होतं. बॅनर मळला, धूळ पुसा. एखादा भाषणात अडखळला, धूळ बसलीय. आज ते वाक्य कुणी काढत नाही. सुगतदादा आता देहूरोडला नाही, जालन्याला सासऱ्यांच्या फरशीच्या दुकानात बसतो. तो गेला आणि ते वाक्यही गेलं.

मी चाकणच्या कारखान्यांच्या गेटांवर पत्रकं वाटते. पत्रकाचं आयुष्य किती असतं ते मला विचारा. माणूस घेतो, चार ओळी वाचतो, घडी करून तंबाखूच्या पुडीला लावतो किंवा पायाखाली सोडतो. सुगतदादा हा पहिला माणूस, ज्यानं माझं पत्रक उभं राहून शेवटपर्यंत वाचलं आणि मग परत माझ्या हातात दिलं.

"पत्रकबाई, लिहिलंय खरं. पण ह्याला चाल नाही."

"चाल कशाला पाहिजे? मागण्या आहेत त्या."

"म्हणूनच पाहिजे. मागण्या आम्हाला पाठ आहेत. गाणं असतं तर बसमध्ये वाजलं असतं, घरी गेलं असतं. हे आता मी खिशात घातलं तर उज्ज्वला धुण्यात घालणार."

उज्ज्वला म्हणजे वहिनी, त्याची बायको. आणि पत्रकबाई हे माझं नाव त्या दिवशी पडलं ते पडलंच.

सुगतदादा एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर होता. गाड्यांचे पत्र्याचे भाग जिथं ठोकून काढतात तिथं. कंत्राटी, अर्थात. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशी एकच असती तर मी हे लिहायला बसलेच नसते. त्याचे वडील जयंतीच्या कार्यक्रमांत मंजिरी वाजवायचे, आणि ती छोट्या टाळांची पितळी जोडी वडिलांमागे त्याच्याकडे आली होती. आवाज याचा भरदार. बोलायचा मात्र असा की शेजारच्या गल्लीलाही निरोप मिळावा. मी एकदा म्हटलं, "दादा, मी समोरच बसलेय." तर म्हणाला, "अगं, प्रेस शॉपचा माणूस आहे मी. आमच्याकडं कानात सांगायची गोष्टसुद्धा ओरडूनच सांगतात."

त्या प्रेस शॉपचा त्याला अभिमान होता, हे मी लपवणार नाही. मला चीड यायची आणि तो रंगवून सांगायचा. "डाय, म्हणजे पत्रा ठोकायचा साचा, बोथट झाली की सुपरवायझरला मापं घ्यावी लागतात. मला आवाजावरून कळतं. ठोका जरा पसरट पडतो." कानात घालायची नारिंगी बोंडं होती, पण ती ऑडिटच्या दिवशी वाटायची आणि संध्याकाळी गोळा करायची. आणि खरं सांगायचं तर ती कुणाला नकोच होती. बोंडं घातली की ठोका ऐकू येत नाही, ठोका ऐकला नाही की माल खराब, माल खराब झाला की शिव्या कुणाला?

पेढ्यांची गोष्ट त्यानंच मला सांगितली, तीही हसत. नवा माणूस प्रेसवर लागला की पहिले काही आठवडे त्याचे हाल होतात. घरी गेल्यावरही डोक्यात ठोके पडत राहतात, उशीला कान लावला की शिट्टी वाजते. मग एके दिवशी आवाज टोचायचा थांबतो. त्याला म्हणायचं 'कान बसला'. ज्याचा कान बसला त्यानं दुसऱ्या दिवशी लाइनला पेढे वाटायचे. जुने ऑपरेटर पाठ थोपटतात. आता तू आमच्यातला.

"माझा कान लवकर बसला," तो म्हणाला. "माझ्या बरोबरचे अजून कपाळ धरून बसायचे, तेव्हा मी पेढे वाटून मोकळा. कंदी पेढे आणले होते, साधे नाही."

मीही हसले. गंमत वाटली.

तर गाणं करायचं ठरलं. पहिलं सामान काय घ्यायचं यावर आम्ही जेवढा वेळ घालवला तेवढ्यात आमची तीन गाणी झाली असती. नवशिक्यांसाठीचे व्हिडिओ दोघांनी मिळून पाहिले. सगळ्या व्हिडिओंत एक स्वच्छ दाढीचा माणूस, मागच्या भिंतीला स्पंज चिकटवलेला, आणि तो सांगणार की मित्रांनो, सुरुवात साधी करा. मग त्याच्या साध्या सुरुवातीत आमच्या अख्ख्या गल्लीची दसरा-दिवाळी झाली असती.

सॉफ्टवेअरवरून आमचं पहिलं भांडण झालं. सगळे म्हणत होते भारीतलं क्रॅक केलेलं उतरवून घ्या, कोण विचारतंय. मीही म्हटलं, बड्या कंपन्यांचं चोरलं तर काय बिघडलं?

"मग पत्रकात लिही तसं," सुगतदादा म्हणाला. "वर मागण्या, खाली टीप. सदर गाणे चोरीच्या सॉफ्टवेअरवर केले आहे."

शेवटी फुकटात कायदेशीर मिळणारं घेतलं. त्याच्या मेहुण्याचा जुना लॅपटॉप आला. माइक आणि लॅपटॉप यांच्यामध्ये जोडायचा इंटरफेस नावाचा डबा आला. तो घरात आल्यावर वहिनींनी त्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "आता ह्यानं तरी ह्यांचं ऐकावं." पहिला माइक फार नाजूक निघाला. गाणं राहिलं बाजूला, त्यात शेजारची मालिका, रेल्वे, वहिनींची फोडणी असं सगळं देहूरोड आलं. तो परत देऊन स्टेजवर हातात धरतात तसला साधा, दणकट माइक घेतला. "हा आपल्यातला आहे," सुगतदादा म्हणाला. "तोंडाशी जो बोलेल त्याचंच ऐकतो. बाकीच्यांकडं लक्ष नाही."

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. अडलं ते हेडफोनवर.

पिंपरीत नासिरभाईंचं साउंडचं दुकान आहे. विकणं, दुरुस्ती, आणि जयंतीला, लग्नाला भाड्यानं स्पीकरचे बॉक्स देणं. वय साठीच्या पुढं, तोंडात बडीशेप, दुकानात एकच खुर्ची आणि ती स्वतःची. पहिला हेडफोन सुगतदादानं तिथून नेला आणि आठवड्यात परत आणला. धूळ बसलीय. दुसरा नेला. धूळ. त्याहून बरा तिसरा नेला. तोही पुसून येईना.

"भाऊ, हे दुकान आहे," नासिरभाई म्हणाले. "पाहुण्यांची पोरगी बघायला आल्यासारखं दर रविवारी येतो आणि नापसंत करून जातो."

"पोरगी दाखवा तरी चांगली. हे सगळं गोधडीतून वाजल्यासारखं येतंय."

"गोधडी? अरे, लोक इथून स्टुडिओला नेतात हे!"

दरम्यान गाणं तयार होत होतं. कंपनीच्या बसवरचं गाणं. पहिली पाळी सुटल्यावर बस मोशीच्या पुढं आली की आत सगळे तोंडं उघडी टाकून झोपलेले असतात, त्याचं.

सारी बस झोपली, जागा एक डायवर,
आमची झोप बसली त्याच्या खांद्यावर.

मी मागितलं होतं लढ्याचं गाणं. आलं हे. मी कुरकुरले, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गप्प झाले. माझ्या कुठल्याही पत्रकात तो ड्रायव्हर आला नव्हता. आणि त्या गाण्यात त्यानं वडिलांची मंजिरी वाजवली होती. ती ऐकली आणि आम्ही सगळ्यांनी एकदमच डोळे मिटले. आनंदानं नाही. दातांतून तार ओढावी तशी ती कानात जायची.

"मंजिरी आहे का दाभण?" वहिनी म्हणाल्या.

"कुठं आहे मंजिरी? तीच तर ऐकू येईना," सुगतदादा म्हणाला आणि त्यानं ती आणखी वर घेतली.

वहिनींचा स्वतंत्रच सिद्धांत होता, की या माणसाचं घरात लक्ष नाही. "ह्यांना कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसवलं की भात करपलाच. विचारलं तर म्हणणार, शिट्टी झालीच नाही. डोक्यात नुसती गाणी." सुगतदादा यावर हसून मान डोलवायचा. त्यालाही ते पटलेलं होतं.

त्याला एकच हवं होतं. वस्तीतली जयंतीची मिरवणूक निघेल तेव्हा नासिरभाईंच्या बॉक्सवर हे गाणं एकदा वाजावं. त्याच्या वडिलांची मंजिरी त्याच रस्त्यानं वाजत गेली होती. नासिरभाईंनी गाणं लावलं आणि अर्ध्यात बंद केलं.

"हे माझ्या बॉक्सवर नाही लावणार. पब्लिक पळून जाईल."

"गाण्यात खोट नाही, नासिरभाई. तुमच्या हेडफोनमध्ये आहे. डुप्लिकेट माल देता आणि वर आमचंच गाणं वाईट?"

हा शब्द नासिरभाईंना लागला. ते खुर्चीतून उठले, आणि ते गिऱ्हाइकासाठी कधी उठत नसत. "डुप्लिकेट? नासिरच्या दुकानात? चल, आत्ता तपासू. ही आहे ना साक्षीला, पत्रकं वाटते, हिला सगळं लिहून टाकू दे."

त्यांनी लॅपटॉपवर एक सलग सूर लावला, नुसता 'ऊं' असा, आणि सुगतदादाच्या डोक्यावर तोच हेडफोन चढवला. सूर हळूहळू बारीक होत वर जाणार. ऐकू येईल तोवर हात वर ठेवायचा, थांबला की खाली. सुगतदादाचा हात वर होता. सूर चढत गेला. हात खाली आला.

"बंद पडला! बघा, इथून पुढं तुमचा माल मुका आहे."

मी त्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. आत सूर लख्ख वाजत होता. चढतच होता.

नासिरभाईंचा चेहरा जिंकल्यासारखा झाला होता. त्यांनी हेडफोन काढून बाजूला ठेवला आणि दुकानातला मोठा बॉक्स लावला. "आता तिघं मिळून. कुणाच्या माथी काही नको." पुन्हा खालून सुरुवात. तिघांचे हात वर. सुगतदादाचा हात त्याच जागी खाली आला. नासिरभाईंचा वरच होता, म्हाताऱ्या माणसाचा हात. बऱ्याच वेळानं तोही खाली आला. माझा सगळ्यात शेवटी.

सुगतदादा आमच्या हातांकडे बघत होता. आधी त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"थट्टा करताय. चालू करा की."

"चालूच होतं, दादा," मी म्हटलं.

"नासिरभाई?"

नासिरभाईंनी लॅपटॉप मिटला, बडीशेपेची डबी उघडली आणि तशीच परत बंद केली. पुढं कितीतरी दिवसांनी ते मला म्हणाले, "बेटा, चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी भांडतोय. हे एक भांडण मी हरायला पाहिजे होतं."

सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरबाईंनी बंद खोलीत तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कामाला कुठं आहात?" त्या सगळ्या व्हिडिओंत, त्या सगळ्या नवशिक्यांच्या सल्ल्यांत हा प्रश्न एकदाही आला नव्हता. बजेट विचारलं, खोली केवढी ते विचारलं, संगीत कुठल्या प्रकारचं ते विचारलं. हेडफोन ज्याच्या डोक्यावर चढणार तो माणूस दिवसभर कुठं उभा असतो, हे कुणी विचारलं नाही. बाई म्हणाल्या, आतली नस गेलीय, वरचे सूर परत यायचे नाहीत. आहे ते सांभाळा, आवाजातून बाहेर पडा.

सुगतदादा बाहेर बाकावर बसून होता. मला वाटलं तो चिडेल. मला तो चिडायला हवा होता. तो म्हणाला, "म्हणजे धूळ माझ्यावरच बसली होती." आणि मग, "उज्ज्वलाला सांगायला पाहिजे. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या म्हणावं."

दवाखान्याचा कागद घेऊन आम्ही कंत्राटदाराकडे गेलो. मागणं साधं होतं. सुगतदादाला कमी आवाजाच्या खात्यात घ्या आणि लाइनवरच्या सगळ्यांचे कान तपासा. कंत्राटदारानं कागद वाचला. मग स्वतःचा मोबाइल काढून त्यावर एक फोटो दाखवला, सुगतदादानं मित्रांना पाठवलेला. गळ्यात हेडफोन, पुढं लॅपटॉप, चेहरा आनंदानं फुललेला.

"हे काय आहे? घरी दिवसभर हे कानाला लावून बसायचं आणि बिल आमच्या नावावर? डीजेच्या नादानं कान घालवलेस, सुगत. प्रेसला दोष देऊ नको."

मी अनेक मालकांची, कंत्राटदारांची तोंडं बघितलीत. इतका निर्लज्ज हिशेब मी पाहिला नव्हता. माणसाचे कान तुम्ही वर्षानुवर्षं ठोकून काढले, आणि हेडफोन ऐकू येईना म्हणून ज्यानं ते बदलत बदलत आपली हौस जपली, त्या हौसेचाच तुम्ही पुरावा केलात. मी ओरडले. सुगतदादा नाही ओरडला. आयुष्यभर ओरडून बोलणारा माणूस त्या दिवशी इतक्या हळू बोलला की कंत्राटदाराला "काय?" म्हणून विचारावं लागलं.

"मी म्हटलं, हेडफोन ह्या वर्षी घेतलाय. कान लई आधी बसलाय."

पुढच्या महिन्यात त्याचं काम बंद झालं. कारण लिहून देत नाहीत हे लोक. तो हेडफोन घेऊन माझ्याकडे आला. "हे तुझ्याकडं ठेव, पत्रकबाई. घरात राहिलं तर पुरावा होतो." मी म्हटलं, गाणं पुरं कर. तो म्हणाला, "मंजिरी मी कुठं ठेवू? मला जिथं ऐकू येते तिथं ठेवली तर तुमचे कान फुटतात." नंतरही मी दोनदा विचारलं. त्यानं पुन्हा लॅपटॉप उघडला नाही. सरळ लिहिते, त्याचे कान गेले याच्याइतकंच मला हे लागतं.

जालन्याला जायच्या आधीच्या रविवारी देहूरोडच्या समाजमंदिरात आम्ही सभा घेतली. आजूबाजूच्या प्रेस शॉपांतले ऑपरेटर आले, काही जणांच्या बायका आल्या, चार रिक्षावाले आले. कंत्राटदाराचं बोलणं सगळीकडे पोचलं होतं आणि खुद्द लाइनवरचेच काही जण म्हणत होते, असेल बाबा, गाणी करत होता खरा. नासिरभाईंनी न सांगता टेंपोत घालून बॉक्स आणले. गाण्यातल्या मंजिरीचा आवाज त्यांनी स्वतः बसून खाली आणला होता, आता ती दाभण राहिली नव्हती. आणि त्याच गाण्याची दुसरी प्रत काढली होती, सुगतदादाचा हात जिथं खाली आला होता तिथून वरचं सगळं कापून टाकलेली.

दोन्ही गाणी एकामागून एक वाजली. पहिल्यात मंजिरी होती. दुसऱ्यात ती गेलेली होती, आणि सगळी बस खरंच गोधडी पांघरून झोपल्यासारखी वाटत होती. मी विचारलं, फरक ऐकू आला त्यांनी हात वर करा.

बायकांचे हात वर गेले. रिक्षावाल्यांचे गेले. प्रेस शॉपची माणसं एकमेकांकडे बघत राहिली. "कसला फरक?" एक जण म्हणाला. "तेच गाणं दोनदा लावलं की." त्याच्या घरी लॅपटॉप नव्हता, हेडफोन नव्हता. त्याच्या शेजारी हात वर करून बसलेली त्याची बायको त्याच्याकडे बघत होती.

मी भाषण तयार करून आणलं होतं. सुगतदादा उभा राहिला आणि मला खुणेनं बस म्हणाला.

"कान बसल्याचे पेढे कुणी कुणी वाटलेत?"

कुणी हसलं. मग जे हात आधी वर गेले नव्हते ते एकेक करत वर यायला लागले. हळूहळू प्रेस शॉपच्या माणसांत वर न आलेला हात राहिला नाही. वर आलेल्यांना आपल्या हाताचं काय करावं ते समजेना, तो खाली कधी घ्यायचा तेही.

मागच्या रांगेतला एक जण मात्र दोन्ही वेळा हात वर करून बसला होता. नुकतं लग्न झालेला नवा ऑपरेटर, मनगटावरची मेंदी अजून पुसली नव्हती.

"तू वाटलेस?" सुगतदादानं विचारलं.

"उद्या वाटणार होतो, दादा. आणून ठेवलेत."

सुगतदादा माणसांतून वाट काढत त्याच्यापाशी गेला. वाकला, त्याच्या तोंडाकडे नीट बघत, ओठ वाचायचे असल्यासारखा.

"मंजिरी ऐकू आली तुला?"

"आली की."

"कशी आहे?"

त्या पोराला असं काही सांगायची सवय नव्हती. तो जरा गोंधळला. "बारीक आहे, दादा. म्हणजे, गाण्याच्या वरनं चालल्यासारखी. चांगली आहे."

"चांगली आहे ना?"

"व्हय."

"मग पेढे दुकानात परत दे," सुगतदादा म्हणाला.